आधी आबा बसतील

आमच्या घरात घोडं विकत घ्यायचं तर एक नियम होता. सारंगखेड्याच्या जत्रेत मामांनी आधी घोड्याचे दात बघावेत, खूर बघावेत, अंगावरचे केसांचे भोवरे बघावेत, चाल बघावी, मग रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवावा. हे सगळं जमलं तरी शेवटी आबांनी स्वतः त्या घोड्यावर बसून एक फेरी मारायची. आबा म्हणजे माझे वडील. "ज्या घोडावर मी बठस नही, ते घोडं मी पोऱ्याले देस नही," असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर अपील नव्हतं. या नियमापायी दोन चांगली घोडी परत गेली होती आणि आबा एकदा ओढ्यात पडले होते, पण नियम मोडला नव्हता.

नियम चांगलाच होता. फक्त तो केला तेव्हा कुणाच्या डोक्यात विमान नव्हतं.

आमचं गाव ब्राह्मणपुरी, शहादा तालुक्यातलं. नंदुरबार तेव्हा जिल्हा झालं नव्हतं, आम्ही धुळे जिल्ह्यातले. आमच्या वाडवडलांनी कधीतरी गुजरातेतून येऊन तापीचा काठ धरला, आणि तेव्हापासून कपाशी, ऊस आणि केळी यांखेरीज घरात दुसरा विषय नव्हता. लग्नाला जमले तरी कपाशी, आणि मयताला जमले तर थोडा वेळ गेलेल्या माणसाविषयी बोलून पुन्हा कपाशी. मला धुळ्याला ठेवून इंटर सायन्सपर्यंत शिकवलं तेही शेतीसाठीच. विज्ञान शिकलेला पोरगा विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करेल, अशी आबांची अटकळ होती. मला ते इंजिन दुरुस्त करता आलं नाही. खरं सांगायचं तर सुरूसुद्धा पहिल्या झटक्यात कधी करता आलं नाही.

साठ साल उलटल्यावर एका हंगामात आमच्या भागात कपाशीवर औषध फवारायला चक्क विमान आलं. शहाद्याजवळच्या एका सपाट माळावर त्याचा मुक्काम होता. सकाळी ते आमच्या शेतावरून इतकं खालून गेलं की केळीची पानं फाटली आणि बैल दावं तोडून पळाले. सगळं गाव औषधाच्या वासाने नाक दाबून बसलं होतं. मी मात्र बांधावर उभा राहून आ वासून वर बघत होतो, त्यामुळे पुढे कित्येक दिवस मला भाजीची चव लागली नाही. पण त्या सकाळी माझं ठरलं. आपण विमान चालवायचं, आणि तेही लोकांना बसवून नेणारं. बैल कुणी पकडायचे, हा प्रश्न मला त्या क्षणी सुचलाच नाही आणि आबांनी तो बरेच दिवस मनात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सायकल काढून मी माळावर गेलो. विमानाच्या सावलीत एक तरुण भजी खात बसला होता. मळका शर्ट, पायांत चपला. हाच वैमानिक, हे कळल्यावर मला जरा वाईटच वाटलं. पण माणूस मोकळा होता. त्याने मला सगळी वाट समजावून सांगितली. प्रवासी विमान चालवायचं असेल तर एखाद्या फ्लाइंग क्लबात नाव घालायचं. पहिल्यांदा शिकाऊ परवाना, त्यानंतर खासगी परवाना, मग पुष्कळ तास उडून आणि परीक्षा देऊन व्यावसायिक परवाना. एवढं झालं की विमान कंपनीने घेतलं तर घेतलं. तेही पुन्हा आपल्या पद्धतीने शिकवणार आणि काही वर्षं शेजारच्या खुर्चीत बसवणार. दुसरी वाट हवाई दलाची. तिथे शिकवतं सरकार, पण मग सरकार पाठवील तिकडे जायचं. "और तीसरा रास्ता मैं," असं म्हणून त्याने औषधाच्या पिंपाकडे बोट दाखवलं आणि उरलेलं भजं मला दिलं.

घरी ओट्यावर बैठक बसली. मामांना मुद्दाम बोलावणं गेलं. मामा म्हणजे मायचे थोरले भाऊ. जनावरातलं त्यांना जेवढं कळे तेवढं पंचक्रोशीत कुणाला कळत नसे, आणि जे जनावर नाही त्यातलंही आपल्याला तेवढंच कळतं अशी त्यांची खात्री होती. मी परवान्यांची सगळी उतरंड सांगितली, ती त्यांना झटकन समजली. आधी शिंगरू मोकळं फिरवायचं, मग पाठीवर खोगीर ठेवायचं, मग माणूस बसवायचा आणि शेवटी टांग्याला जुंपायचं. यात काय अवघड आहे, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. माझ्या मते शिंगरू मी होतो, पण मामांच्या मनात ते विमान होतं, आणि तो घोळ शेवटपर्यंत मिटला नाही.

मामांचं मत औषधाच्या बाजूने पडलं. "फवारनीवाला व्हय. गावमाच काम भेटी." म्हणजे पोरगं सकाळी उडेल आणि दुपारी जेवायला घरी येईल. मायने लष्कराचं नाव काढू दिलं नाही. फ्लाइंग क्लब म्हटल्यावर ती म्हणाली, "क्लबमा तं पत्ता खेयतस." शहाद्याच्या एका क्लबात तिचा चुलतभाऊ पत्ते खेळून खेळून हाताबाहेर गेला होता, म्हणून तिचा त्या शब्दावर राग. मी सांगितलं, या क्लबात पत्ते नसतात. मग तिथे भाकरी कोण थापतं, हा तिचा पुढचा प्रश्न, आणि त्याच्याही पुढचा, "वर उडणारा पोऱ्याले आंडेर कोण देई?" आंडेर म्हणजे मुलगी. खाली चालणाऱ्या पोरांनाही मुली मिळायला वेळ लागत होता, तेव्हा तिचंही चुकीचं नव्हतं.

आबा एवढा वेळ गप्प होते. ते म्हणाले, पोराचं मन आहे तर शिकू दे. माझा आनंद गगनात मावेना. पण पाठोपाठ त्यांनी नियम सांगितला. क्लब कुठलाही असो, ज्या विमानावर पोरगा शिकणार त्यावर आधी आपण बसून बघणार. बसल्यावर मनाला पटलं तर नाव घालायचं, नाही पटलं तर विषय संपला. विहिरीवरचं इंजिन वाट बघतच होतं, आणि मायने कोरीटकडची एक मुलगी हेरून ठेवली होती.

इथेच घोडं पेंड खात होतं. कारण घोडं कितीही उधळं असलं तरी आबा त्यावर बसत, पण उंचीपुढे त्यांचं काही चालत नसे. आमचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं. पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर खारी माती टाकायची असते. त्या दिवशी घरातलं शेंबडं पोरसुद्धा शिडीवरून वर जाई. आबा खाली उभं राहून टोपल्या भरत. दरवर्षी. कुणी वर बोलावलंच तर म्हणत, खाली भरणारा पक्का पाहिजे, वर काय कुणीही पसरतं. सगळ्या गावाला माहीत होतं आणि सगळं गाव दुसरीकडे बघत असे. असा माणूस विमानात बसणार, आणि त्याच्या मनाला ते पटणार! मी मनातल्या मनात इंजिनाचा पट्टा आवळायला घेतला.

मुंबईचा क्लब मामांनी जाग्यावरच निकालात काढला. "मुंबईले जो ग्या, तो ग्या." त्यांच्या दोन मावसभावांनी तिकडे जाऊन पुन्हा तोंड दाखवलं नव्हतं. उरले दोन. एक गुजरातेतला आणि एक माळव्यातला.

आधी गुजरातेत गेलो, नंदुरबारहून रेल्वेने. मी, आबा आणि मामा. मायने बरोबर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि ठेचा दिला होता, आणि मामांनी आपला बाजाराचा रुमाल घेतला होता. क्लब म्हणजे एक मोठी शेड आणि गवताचं मैदान. शेडमध्ये एक विमान उभं होतं, दोन मजली पंखांचं, वरून उघडं, पुढेमागे दोन बैठका असलेलं. मामांनी लांबूनच डोळे बारीक केले. मग ते त्याच्या पुढून आले, बाजूने फिरले. मागे मात्र गेले नाहीत, कारण ओळख नसलेल्या जनावराच्या मागे उभं राहायचं नसतं. पुढचा पंखा त्यांनी दात बघावेत तसा खालून वाकून पाहिला. चाकं दाबून बघितली. मग पंखावर बोटाने टिचकी मारली आणि दचकून हात मागे घेतला.

"अरे, हाई तं कापड शे!"

आबा पुढे आले. त्यांनी दोन बोटांनी ते कापड चाचपलं. बाजारात पेळूचा धागा ओढून बघावा तसे डोळे मिटून चाचपलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरलं. "कापूस शे," ते म्हणाले. आयुष्यभर ज्याची बोंडं वेचली, ते असं वर उडत असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला आशा वाटू लागली. तेवढ्यात मामांना पंखावर एक गोल ठिगळ दिसलं. कापड कुठे फाटलं की असं ठिगळ लावतात, अगदी नेहमीची गोष्ट. मामांनी मान हलवली. "पाठवर भवरा शे. नही चाली." पाठीवर नको तिथे भोवरा असलेलं घोडं धन्याला पाडतं, असा त्यांचा ठाम सिद्धांत होता. मी वाद घातला असता, पण त्या दिवशी त्या विमानाची वार्षिक तपासणी चालू होती, ते उडणार नव्हतं. म्हणजे आबांना बसता येणार नव्हतं. आणि न बसता सौदा आमच्या घरात होत नाही. आम्ही तिथेच भाकरी खाल्ल्या आणि परत फिरलो. आबांची पावलं येताना जरा जास्तच हलकी पडत होती, असं मला वाटलं आणि मला त्यांचा राग आला.

माळव्याला जायचं तर शिरपूर आणि सेंधवा करत एसटीने. घाटात मामांना उलट्या झाल्या, तरी रुमाल त्यांनी खराब होऊ दिला नाही. तो सौद्याचा रुमाल होता.

तिथले शिकवणारे साहेब लष्करातून निवृत्त झालेले, उंच, मिशाळ, आवाज असा की शेडवरची कबुतरं उठावीत. त्यांनी आम्हाला कचेरीत बसवलं, चहा दिला, माझी चौकशी केली. शिकायला किती महिने लागतील, पुस्तकी परीक्षा कुठल्या, डोळ्यांची तपासणी कुठे, सगळं नीट सांगितलं. मी ऐकत होतो. मामांचं लक्ष साहेबांच्या उजव्या हाताकडे होतं. साहेब बोलायचे थांबताच मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला, साहेबांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली.

साहेबांना वाटलं, आमच्याकडे राम राम असाच करतात. त्यांनी मोठ्या प्रेमाने मामांचा अख्खा पंजा दाबला. मामांचा चेहरा पडला. त्यांनी दोन बोटं दाबून पाहिली, तशी साहेबांनी दुप्पट प्रेमाने पुन्हा पाचही दाबली आणि वर हात गदागदा हलवला. मामांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी एक बोट पुढे केलं असावं. साहेबांनी तेही मुठीत घेतलं. रुमालाखाली काय चाललंय हे रुमालाबाहेर विचारायचं नसतं, म्हणून आबा छताकडे बघत बसले होते, आणि साहेबांच्या मागे भिंतीवर टांगलेल्या फळ्यावर तासाचा दर ठळक अक्षरांत लिहिलेला होता. मला हसू येत होतं.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "लई कडक माणूस शे. एक बोट खाले उतरत नही." मला वाटलं, संपलं. पण मामांचा हिशेब वेगळा होता. ज्याच्या जनावरात खोट असते तो भावात सैल असतो, हा त्यांचा बाजारातला अनुभव. एवढा ताठ माणूस म्हणजे माल चोख. त्यांनी विमान पाहिलं, ठिगळं याच्याही पंखावर दोन होती, पण त्यांनी ती दोन्ही शुभ ठरवली.

राहिले आबा.

साहेबांना नियम सांगितला. ते मोठ्याने हसले आणि लगेच हो म्हणाले. क्लबात पैसे भरून एखादी फेरी मारायची सोय होतीच. अडचण आली ती फेट्याची. उघड्या विमानात बसायचं तर डोक्याला गच्च बसणारी कातडी टोपी घालावी लागते, आणि ती फेट्यावर बसत नाही. आमच्याकडे चारचौघांत माणूस उघड्या डोक्याने दिसला की लोक विचारतात, कोण गेलं? आबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग सावकाश फेटा उतरवला आणि माझ्या हातात दिला. तो गरम होता. कातडी टोपीत आबांचा चेहरा एवढासा दिसू लागला. पुढच्या बैठकीत त्यांना चढवलं, पट्टे आवळले. मी जवळ गेलो तर ते हळूच म्हणाले, "परत नही उनू तं इंजिनना पट्टा बदली टाकजो."

एका माणसाने पुढचा पंखा हाताने फिरवून झटका दिला. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं, ते पाहून मला आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचा संताप आला. विमान गवतावरून धावलं, उठलं, आणि माझा बाप, जो कधी धाब्यावर चढला नाही, तो समोरच्या झाडांच्या वर गेला. मी फेटा छातीशी धरून उभा होतो. मामा म्हणत होते, चाल चांगली आहे, चाल चांगली आहे. विमानाने मैदानाभोवती एक मोठा वळसा घेतला, त्यानंतर आणखी एक, आणि खाली उतरलं. मला वाटत होतं, आता आबा उतरतील आणि मान हलवतील, आणि मी उद्यापासून मळ्यात.

आबा उतरलेच नाहीत. बसूनच राहिले. साहेबांनी त्यांची बोटं एकेक करून बैठकीच्या कडेवरून सोडवली, तेव्हा ते खाली आले. पाय जमिनीला लागल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी फेटा दिला. बांधताना तो एकदा सुटला, पुन्हा सुटला, तिसऱ्यांदा कसाबसा बसला. मग त्यांनी घसा साफ केला.

"घोडं चांगलं शे," ते म्हणाले. मी श्वास सोडला. पण ते तिथे थांबले नाहीत. "वरतून तापी दिसनी. आपलं गाव दिसनं. केयीना मया बी दिसना." दिसनी म्हणजे दिसली, आणि केयीना मया म्हणजे केळीचा मळा.

मामांनी दोन्ही हात जोडले.

शाळेपासून मला नकाशाचा नाद. माळव्यातून तापी बघायची तर आधी विंध्य बाजूला सारावा लागतो, मग नर्मदा, मग अख्खा सातपुडा. आणि ते विमान तर मैदान सोडून कुठे गेलंच नव्हतं. म्हणजे आबांनी वर गेल्यापासून खाली येईपर्यंत डोळे घट्ट मिटून घेतले होते, आणि मिटल्या डोळ्यांना जे दिसलं ते आम्हाला सांगत होते. साहेबांनी भुवया उंचावल्या. "तापी? यहाँ से?" एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय चेहरा केला होता देव जाणे. साहेब थबकले, मिशीवरून हात फिरवला आणि त्या कबुतरं उठवणाऱ्या आवाजात म्हणाले, "हाँ, हाँ, तापी! आज हवा बहुत साफ़ है!"

मला आबांच्या पाया पडावंसं वाटलं आणि खो खो हसावंसंही वाटलं. दोन्ही एकदम करता येईना, म्हणून त्यांच्या फेट्याचं सुटलेलं टोक मी नीट खोवून दिलं. त्याच दुपारी माझं नाव क्लबात लागलं.

गावी परतल्यावर आबांचं जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. तापीकाठच्या आमच्या पट्ट्यात विमानातून गाव पाहिलेला माणूस दुसरा नव्हता. लोक ओट्यावर येऊन बसू लागले. एकाची म्हैस चुकली होती. त्याने विचारलं, "आबा, मन्ही म्हैस दिसनी का हो?" आबांनी विचार केला. "शिंगं व्हतात का तिले?" "व्हतात." "मंग दिसनी." कुठल्या दिशेला, तर नदीकडे. म्हैस दुसऱ्या दिवशी नदीकडेच सापडली, कारण म्हशी नदीकडेच जातात, पण हे तेव्हा कोण लक्षात घेतो? मग बांधाची भांडणं येऊ लागली. दोन भावांचा वर्षानुवर्षांचा वाद, कुणी कुणाच्या शेतात नांगर घातला म्हणून. तलाठ्याला जमलं नाही ते आबांनी मिटवलं. वरून बघता दोघांचेही बांध वाकडे दिसतात, असं त्यांनी सांगितलं, आणि दोघे भाऊ खाली मान घालून गेले. खरं म्हणजे त्या भागात सरळ बांध एकही नव्हता.

एकदा जेवताना मायने विचारलं, "मी दिसनी का?"

"दिसनी तं," आबा म्हणाले. "वट्टावर गहू निवडी ऱ्हायनी व्हती."

मायने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. आबा मळ्यात गेल्यावर मात्र ती पदर तोंडाला लावून हसू लागली, ती थांबेचना. "त्या दिन मी शहादाले बहीणकडे व्हती," ती म्हणाली. "जो धाबावर चढस नही, तो वर डोया उघाडी का?" डोया म्हणजे डोळे. मग हसू आवरून तिने मला दम भरला. "बोलू नको कोणले. त्यानी तुन्हासाठे सांगं." हे मला माहीत होतं. पण तिच्या तोंडून ऐकल्यावर मी विहिरीवर जाऊन इंजिनाला लाथ घातली आणि तिथेच बसून थोडं रडलो. इंजिन लाथेने सुरू झालं नाही.

शिक्षणाची कहाणी लांब आहे आणि बरीचशी कंटाळवाणी आहे. उडण्यापेक्षा वाट बघणंच जास्त. वारा पडायची वाट, विमान मोकळं व्हायची वाट, साहेबांचा राग उतरायची वाट. साहेब म्हणत, तू विमान असं चालवतोस की जणू त्याला चाबूक मारायचा आहे. मी म्हणे, आमच्या घरी तेच शिकवतात. हवामान, नकाशा, नियम, यंत्र, एकेक परीक्षा दिली. यंत्राच्या परीक्षेत मी आधी नापास झालो, आणि ही बातमी गावी कळवायची की नाही याचा मी फार विचार केला नाही, कळवलीच नाही. पुढे व्यावसायिक परवाना मिळाला, कंपनीच्या दारात चपला झिजवून झाल्या, आणि शेवटी मला शेजारच्या खुर्चीत बसवण्यात आलं. कोरीटकडच्या त्या मुलीचंही माझ्याशीच जमलं. उडणाऱ्या पोराला आंडेर मिळाली.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. खासगी परवाना हातात आला की शिकाऊ माणसाला सोबत कुणाला तरी बसवता येतं. माझा परवाना आला तेव्हा साहेबांनी विचारलं, पहिला प्रवासी कोण? मी आबांना निरोप धाडला.

ते आले, बरोबर माय आली. माय बसायला तयार नव्हती, घरातून एक जण वर गेला तेवढा पुरे, असं तिचं मत. आबांनी या वेळी इकडेतिकडे न बघता फेटा उतरवला आणि तिच्या हातात दिला. साहेबांनी त्यांना तीच टोपी घातली, त्याच पुढच्या बैठकीत बसवलं. मी मागे बसलो. दोन बैठकांमध्ये बोलायला एक रबरी नळी असे, एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला कानात ऐकू येई. आणि पुढे एक छोटा आरसा होता, त्यात पुढच्याचा चेहरा मागच्याला दिसे.

आम्ही वर गेलो. हवा शांत होती. मी आरशात पाहिलं. आबांचे डोळे मिटलेले, इतके घट्ट की सगळा चेहरा मध्यभागी गोळा झालेला.

"आबा, डोया उघाडा," मी नळीत म्हणालो.

"उघाडाच शेतस," नळीतून उत्तर आलं.

मग तेच म्हणाले, "तू सांग, काय दिसस ते."

मी खाली पाहिलं. माळव्याची काळी जमीन, गव्हाची शेतं, एक ओढा, त्याचं नाव मला माहीत नव्हतं.

"तापी दिसी ऱ्हायनी, आबा."

आरशातला चेहरा जरा सैल झाला. "प्रकाशाना संगम?" प्रकाशा म्हणजे आमच्या जवळचं तापीकाठचं तीर्थ.

"दिसना."

"केयीना मया?"

"दिसना. यंदा घड मोठा शेतस."

"आपलं घर?"

"दिसनं."

वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आता उतरव म्हणतील, मी वळायच्या बेतातच होतो. तर त्यांनी विचारलं, "धाबावर कोण शे?"

मी आरशात त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिलो.

"तुम्हीच शेतस, आबा."

त्यांचे हात बैठकीच्या कडेवर होते, पण तितके आवळलेले नव्हते.

"मंग ऱ्हाऊ दे जरासं वरच," ते म्हणाले.

मी विमान पुन्हा वळवलं आणि मैदानाभोवती आणखी एक फेरी धरली.